थोडी माणसं, पुष्कळ कारखाने



२०२५ च्या जुलैअखेर टीसीएसनं जाहीर केलं की वर्षभरात सुमारे बारा हजार माणसं कमी करणार. कंपनीत तेव्हा सहा लाखांवर माणसं होती, म्हणजे शंभरातली दोन. टक्केवारीत सांगितलं तर काहीच नाही. पण त्या आठवड्यात आपल्या भागातून पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला किती फोन झाले असतील याचा अंदाज इथं बसलेल्या आईबापांना आहे. 'तुझं काय रे?' एवढाच प्रश्न, आणि पलीकडून 'काही नाही गं, मी आहे प्रोजेक्टवर' एवढंच उत्तर. खानापूर तालुक्यात आज घरातलं कुणीच बाहेर नोकरीला नाही असं घर हुडकावं लागेल. त्यातही टीसीएसची नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच्या खालोखाल. लग्नाच्या बायोडाट्यात ते नाव असलं की मुलीकडचे पुढचं वाचत नाहीत. म्हणून ही बातमी इतर बातम्यांसारखी नव्हती. आयटीतल्या नोकरकपातीवर नंदगडला कशाला बोलायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे.

आधी जरा मागे जाऊ. ही लाट अमेरिकेतून आली. २०२२ च्या नोव्हेंबरात फेसबुकच्या मेटा कंपनीनं अकरा हजार लोक काढले, पुढच्या मार्चमध्ये आणखी दहा हजारांची घोषणा केली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं बारा हजार, मायक्रोसॉफ्टनं दहा हजार आणि अ‍ॅमेझॉननं अठरा हजार माणसं कमी करत असल्याचं सांगितलं. अ‍ॅमेझॉननं दोन महिन्यांनी त्यात नऊ हजारांची भर घातली. मेटाचे प्रमुख झुकेरबर्ग यांनी तर २०२३ ला कार्यक्षमतेचं वर्ष असं नावच देऊन टाकलं. मधल्या पायऱ्या काढल्या, टीम लहान केल्या की काम झपाट्यानं होतं, असं सांगितलं गेलं.

हे सांगताना एक गोष्ट मात्र बाजूला ठेवली गेली. मेटामध्ये २०१९ च्या अखेरीस साधारण पंचेचाळीस हजार माणसं होती, २०२२ च्या सप्टेंबरात सत्त्याऐंशी हजार. गूगलची मूळ कंपनी याच तीन वर्षांत एक लाख एकोणीस हजारांवरून एक लाख नव्वद हजारांवर गेली. करोनाच्या काळात जग घरात बसलं, सगळा व्यवहार मोबाइलवर आला, अमेरिकेत व्याजाचे दर शून्याला टेकले होते, पैसा स्वस्त होता. कंपन्यांना वाटलं, हे असंच चालणार. भरती करत सुटल्या. मग बाजार उघडले, व्याजदर पाचाच्या वर गेले आणि हिशेब चुकला. हिशेब चुकला त्याला माझी हरकत नाही, धंद्यात चुकतो. हरकत आहे ती चुकलेल्या हिशेबाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देण्याला. काल गरज नसताना माणसं भरली आणि आज काढली, असं सरळ सांगण्याऐवजी 'आम्हाला लहान टीमचं महत्त्व कळलं' असं सांगितलं जातं. लहान टीमचं महत्त्व खरंच आहे. म्हणूनच तिचं नाव कुठे आणि कशासाठी घेतलं जातंय ते तपासायला हवं.

काढायच्या माणसांची यादी कशी होते ते सांगतो. टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे. कंपनी कुठली ते विचारू नका. वरून एक एक्सेल शीट येते. पहिल्या रकान्यात एम्प्लॉयी आयडी, मग ग्रेड, मग मागच्या दोन अप्रेझलचं रेटिंग, मग त्या माणसावरचा वार्षिक खर्च, मग तो बिलिंगवर आहे की बेंचवर. नाव त्यानंतर कुठेतरी असतं. लॅपटॉपची स्क्रीन लहान असली तर नाव दिसण्यासाठी शीट उजवीकडे सरकवावी लागते. आकडा आधीच ठरून आलेला असतो: तुमच्या खात्यातून इतके. मग कुणीतरी ती शीट खर्चाच्या रकान्यावर सॉर्ट करतं. वर येतात ती चाळिशी-पंचेचाळिशीची माणसं. घराचा हप्ता अर्धा फिटलेला, मुलं नववी-दहावीला. आणि बहुतेक वेळा हीच ती माणसं असतात ज्यांना माहीत असतं की अमुक बँकेच्या सिस्टिममध्ये महिनाअखेरीस रात्री अडीच वाजता व्याजाची आकारणी का अडकते आणि ती कशी सोडवायची. या माहितीसाठी शीटमध्ये रकाना नसतो. मग मीटिंगचं बोलावणं जातं, विषय 'कनेक्ट' असा काहीतरी मोघम. पंधरा मिनिटांची मीटिंग, एचआरची एक व्यक्ती, एक छापील मजकूर. 'राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील', असं गोड आवाजात सांगितलं जातं. संध्याकाळी आयडी बंद.

बेंच म्हणजे काय हे इथल्या ज्येष्ठांसाठी सांगतो. आपल्या मोठ्या आयटी कंपन्या बहुतांशी वस्तू विकत नाहीत, माणसाचे तास विकतात. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या कामावर माणूस लावला की त्याचे तासागणिक पैसे येतात, त्याला बिलिंग म्हणतात. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत माणूस बिनकामाचा, म्हणजे बेंचवर. टीसीएसनं जून २०२५ पासून नियम केला की वर्षात निदान २२५ दिवस बिलिंग हवं आणि बेंचवर ३५ दिवसांहून जास्त राहता कामा नये. काम मिळवणं ही ज्याच्या हातची गोष्ट नाही त्याच्यावर काम मिळवण्याची जबाबदारी, असा हा प्रकार. नियम लागू झाला आणि दीड महिन्यात कपातीची घोषणा आली. पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या 'नाइट्स' या संघटनेनं त्यावर केंद्र सरकारकडे आणि कामगार खात्याकडे तक्रारी केल्या.

आता या तासविक्रीच्या धंद्यात एक गंमत आहे, ती नीट लक्षात घ्या. जिथं माणशी पैसे मिळतात तिथं टीम मोठी असणं हाच नफा. दहा माणसांत होणारं काम चाळीस माणसांत बसवलं तर बिल चौपट. खाली नुकतीच पास झालेली पोरं भरपूर, वर अनुभवी थोडे, याला त्या धंद्यात पिरॅमिड म्हणतात. वीस-पंचवीस वर्षं आपण ज्याला आयटीची भरभराट म्हटलं ती मोठ्या टीमची भरभराट होती. आपली पोरं त्या पिरॅमिडच्या पायथ्याला भरली गेली, पगार मिळाले, घरं झाली. त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याच कंपन्या आता आटोपशीर टीमचे गोडवे गाऊ लागल्या, कारण गिऱ्हाईक तासांचे पैसे द्यायला कां-कूं करू लागलं आणि कोड लिहिणारी एआयची साधनं आली. तेव्हा तोंडाळ पोरानं विचारावं तसं विचारावंसं वाटतं: इतकी वर्षं हे शहाणपण कुठं ठेवलं होतं?

कारण हे शहाणपण जुनं आहे. फ्रेड ब्रूक्स नावाचे अमेरिकन अभियंते होते. १९६० च्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअरची जबाबदारी त्यांच्यावर होती. तो अनुभव त्यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून मांडला. त्यांचं म्हणणं असं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं घातली तर ते आणखी उशिरा होतं. ऐकायला उफराटं वाटतं. पण साधं गणित करून बघा. पाच माणसं एकत्र काम करत असतील तर त्यांच्यात बोलण्याच्या जोड्या होतात दहा. दहा माणसं झाली की पंचेचाळीस. पन्नास झाली की एक हजार दोनशे पंचवीस. माणसं दसपट, पण एकमेकांना सांगण्या-विचारण्याचा व्याप जवळपास सव्वाशे पट. नवा माणूस आला की त्याला शिकवायला जुना माणूस कामातून उठतो. मग मीटिंगा, मीटिंगांच्या मीटिंगा. आयटीतल्या कुणालाही विचारा, दिवसातले किती तास काम आणि किती तास मीटिंग.

त्याहून जुना दाखला शेतीतला आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान हे फ्रान्समधले शेती-अभियंते. माणसं, बैल, यंत्रं किती ओढतात याचे प्रयोग करायचे. दोर ओढायला एक माणूस लावला, मग दोन, मग तीन, असं करत जोर मोजला. १९१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा दर माणशी जोर एकट्यानं ओढण्याच्या निम्म्यावर आला होता. एक कारण, सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. दुसरं आपल्याला ठाऊक आहेच. सार्वजनिक कामात 'बाकीचे आहेत की' म्हणणारे प्रत्येक गावात असतात.

आणि अलीकडची उदाहरणं तर डोळ्यांसमोर आहेत. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकनं इन्स्टाग्राम शंभर कोटी डॉलर मोजून घेतलं तेव्हा तिथं तेरा माणसं होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचा एकोणीस अब्ज डॉलरचा सौदा झाला, तेव्हा पंचेचाळीस कोटी लोक ते वापरत होते आणि कंपनीत माणसं होती पंचावन्न. आपल्या कर्नाटकातलं उदाहरण झिरोधाचं. शेअर खरेदी-विक्रीची दलाली करणारी ही बंगळूरची कंपनी, कोटीच्या वर ग्राहक. कंपनीत हजारावर माणसं आहेत, पण सॉफ्टवेअर लिहिणारी टीम कित्येक वर्षं तीस-पस्तीसच्या आसपास. महाराष्ट्रातलं हवं असेल तर पुण्याचे काटकर बंधू. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीत आले. धाकट्या संजयनं नव्वदच्या दशकात व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं. थोरला गिऱ्हाइकाकडं जाणारा, धाकटा लिहिणारा. त्यातून क्विक हील झालं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअरबाजारात आली.

पण मला सांगायचं आहे ते आपल्या बेळगावचं उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातले, १८६९ मध्ये गुर्लहोसूरला जन्मलेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. इथं भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो ती या दुकानापासून. मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष लागेल. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. आज एखाद्या स्टार्टअपला दोन महिने गिऱ्हाईक मिळालं नाही तर पैसे लावणारे दुकान बंद करायला सांगतात.

ठळकवाडीतला तो छोटा कारखाना. तिथं नवी वसाहत करायची म्हणून बेळगाव नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली. आजच्या बेळगावकरांनी ठळकवाडीतून जाताना हे आठवावं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग आणि साप यांचं राज्य होतं तिथं. सोबत गेलेल्यांचे बायोडाटे बघा. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार उचलला. शंभुराव जांभेकर कॉलेज अर्धवट सोडलेले, ते कारखान्याचे इंजिनिअर. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, पण यंत्रात डोकं चालणारे. मंगेशराव रेगे पत्रव्यवहार आणि हिशेबाला. रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी, शिक्षा भोगून आलेला माणूस. यातला एकही अर्ज आजच्या एचआरच्या चाळणीतून खाली पडला नसता.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे. एवढ्या लहान कारखान्यात शेतकऱ्याची तक्रार ओतकाम करणाऱ्याच्या कानावर जायला मधे पायऱ्या नसतात. फाळ बोथट होतो म्हणून आलेलं पत्र जो वाचतो तो उठून दहा पावलांवरच्या भट्टीशी जाऊ शकतो. हिशेब ठेवणाऱ्यालाही नांगर कसा होतो ते दिसतं, नांगर करणाऱ्यालाही पैसे कुठं अडलेत ते कळतं. लहान टीमचा फायदा आहे तो हा. पगारखर्च वाचणं ही त्यातली सर्वांत क्षुल्लक बाब आहे. आणि अशी टीम पहिल्या दिवसापासून एकत्र काम करून घडते. मोठ्या टीममधली माणसं काढून उरते ती तशी नसते.

ट्विटरचं उदाहरण घ्या. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्क यांनी ती कंपनी घेतली, आठवडाभरात निम्मी माणसं काढली. भारतातल्या कार्यालयात तर जवळजवळ कुणी उरलं नाही. पुढच्या एप्रिलपर्यंत साडेसात-आठ हजारांचे दीड हजार झाले होते, हे त्यांनीच बीबीसीला सांगितलं. ट्विटर बंद पडलं नाही, हे मान्य करायला हवं. ते चालू राहिलं म्हणून जगभरच्या मालकांना हुरूप आला. पण काढल्यानंतर काहींना 'परत या' म्हणून निरोप गेल्याच्या बातम्याही त्याच आठवड्यात होत्या, कारण कुणाकडं काय होतं ते आधी बघितलंच नव्हतं. मार्च २०२३ मध्ये एक दिवस त्यावरच्या लिंका आणि चित्रं उघडेनाशी झाली. त्या कामावर एकच इंजिनिअर उरला होता आणि त्यानं केलेल्या एका बदलानं ते झालं, असं तेव्हा छापून आलं होतं. पंचावन्न माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रत्येकाला आपलं घर कसं बांधलंय ते माहीत होतं. इथं बांधणारे गेले आणि राखणदार उरले.

नंदगडात लहान तुकडीबद्दल बोलताना इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांचं नाव ओठांवर आल्याशिवाय राहत नाही. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्यांना इथं फाशी दिलं, त्यांची समाधी इथं आहे. हल्लीची मॅनेजमेंटची पुस्तकं अशा सगळ्या वीरांना 'टीम लीडर' करून टाकतात. मला ते रुचत नाही. मुलखासाठी मरायला निघालेली माणसं आणि महिन्याच्या पगारासाठी काम करणारी माणसं यांची सांगड घालू नये. म्हणून मी ते उदाहरण घेत नाही.

आता अवघड प्रश्नाकडं येऊ. समजा दहा माणसं खरोखरच शंभरांचं काम करू लागली. कंपनीचं भलं झालं. उरलेल्या नव्वदांचं काय? कंपनीच्या ताळेबंदात हा प्रश्न येत नाही, गावाच्या ताळेबंदात येतो. आपल्या भागानं हे एकदा पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, चंदगड आणि आपला बेळगावकडचा पट्टा, सगळीकडून माणसं गिरणगावात गेलेली. एकेका खोलीत एकेका गावची वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून गेल्या. माणसं पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आली ती शेतीवर पुरेल अशी शेती नसताना. त्यातल्या अनेकांना मागावर चालणारा हात होता, पण गावात माग नव्हता. गिरण्या पुष्कळ होत्या, पण धंदा एकच. एक बसला की सगळं बसलं.

याच्या शेजारी बेळगावचं उद्यमबाग ठेवून बघा. किंवा मच्छेची औद्योगिक वसाहत. फाउंड्री, मशीन शॉप, पॅटर्न करणारे, उष्णता-प्रक्रिया करून देणारे, हायड्रॉलिकचे भाग बनवणारे. बहुतेक युनिट लहान. कुठं पंपाचं ओतकाम, कुठं मोटारीचा भाग, कुठं व्हॉल्व्ह. तिथंही मंदी येते, युनिट बंद पडतात, मालक कर्जात जातात. मी काही गुलाबी चित्र रंगवत नाही. पण चांगल्या मोल्डरला एका गेटवरून काढलं तर तो सायकल वळवून पुढच्या गेटवर विचारू शकतो. आणि त्यातलाच एखादा दोन-चार वर्षांनी स्वतःची लेथ टाकतो. कुणी काढून टाकलेला माणूस पुढं चौघांना काम देतो, हे तिथं नवल मानत नाहीत. माझं सारं म्हणणं एवढंच आहे: टीम लहान असणं चांगलं, पण समाजाच्या दृष्टीनं ते चांगलं तेव्हाच, जेव्हा अशा टीम पुष्कळ असतात आणि वेगवेगळ्या धंद्यांत असतात. एकाच मोठ्या कंपनीनं लहान होणं म्हणजे नुसती कपात.

म्हणून बेळगावला एखादी मोठी आयटी कंपनी यावी, हजारो नोकऱ्या याव्यात, ही जी मागणी दर निवडणुकीत होते तिच्याबद्दल मला फारसा उत्साह नाही. आली तर येऊ दे. पण विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ इथं आहे, गोगटे इन्स्टिट्यूटसारखी जुनी कॉलेजं इथं आहेत, दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि हुबळीची नाही तर पुण्याची गाडी धरतात. त्यातल्या पाच-सहांनी एकत्र राहून काय करावं? कामं इथंच पडलेली आहेत. आपल्या पोराला मराठी येतं, कन्नड येतं, हिंदी येतं, गोव्याकडं जाऊन कोकणीही कानावर पडलेली असते. दूध डेअरीची पावती, पतसंस्थेचं पासबुक, शाळेची फी, यंत्राच्या दुरुस्तीची माहिती, हे सगळं एकाच वेळी मराठीत आणि कन्नडमध्ये नीट चालेल असं सॉफ्टवेअर पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या माणसाला सुचत नाही, कारण त्याला त्याची अडचणच माहीत नाही. सीमाभागात वाढणं हे एरवी आपण भांडणापुरतं आठवतो. इथं ते भांडवल आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्याला विचारा, एका कास्टिंगला वीज किती, वाळू किती, वाया गेलेला माल किती, याचा हिशेब तो अजून वहीत नाही तर डोक्यात ठेवतो. याचं सॉफ्टवेअर लिहायला पूर्वी पंधरा माणसं लागली असती, एआयच्या साधनांमुळं आता चार पुरतात. जे साधन मोठ्या कंपनीत पोराची नोकरी खातं तेच साधन त्याला इथं उभं करू शकतं.

लहान कंपनीची दुसरी बाजू झाकून ठेवत नाही. तिथं एकजण आजारी पडला की काम थांबतं. सुट्टी मागायची चोरी. मालक मित्रच असल्यामुळं पगार उशिरा झाला तरी बोलता येत नाही. पीएफ भरला की नाही ते विचारायला एचआर नसतं. काही लहान कंपन्या 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणत माणसाला रात्री बारापर्यंत राबवतात. कुटुंब म्हणणाऱ्या कंपनीत नेमणुकीचं पत्र आधी मागून घ्यावं.

आणि जी पोरं मोठ्या कंपनीत आहेत त्यांच्या घरच्यांसाठी थोडं कायद्याचं. कर्नाटक सरकारनं आयटी कंपन्यांना नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून बऱ्याच वर्षांपासून सूट दिली. जून २०२४ मध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवली. पण त्या सवलतीला अटी होत्या. कंपनीत तक्रार निवारण समिती हवी आणि माणसाला काढलं तर कामगार खात्याला कळवायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. काढलं असो की राजीनामा दिला असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. आणि छाटणी झालेल्या कामगाराला पुन्हा शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम निधीतून मिळायची तरतूद आहे. छाटणीची भरपाई, दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, ही जुन्या कायद्यातही होती आणि आताही आहे. मॅनेजर म्हणून नेमलेल्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही, हेही सांगून ठेवतो. आयटीत पाच वर्षांत प्रत्येकाच्या नावापुढं मॅनेजर लागतं, ते उगीच नव्हे. आणि कागदावर राजीनामा असला की ती छाटणीच नसते. म्हणून पोराचा असा फोन आला तर पहिलं वाक्य हे सांगा: आज सही करू नकोस, कागद घरी पाठव, कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवू. 'लोक काय म्हणतील' हे दुसऱ्या दिवशी बोलता येईल, किंवा बोललं नाही तरी चालेल.

शेवटी इथं बसलेल्या संस्थाचालकांना, व्यापाऱ्यांना, कारखानदारांना एक विनंती. पतसंस्थेचं, शाळेचं, दुकानाचं सॉफ्टवेअर पुढच्या वेळी घ्याल तेव्हा पुण्या-बंगळूरच्या मोठ्या नावाबरोबर खानापूर-बेळगावातल्या चार पोरांच्या कंपनीकडूनही दरपत्रक मागवा. काम पसंत नसेल तर देऊ नका, दया दाखवायची गरज नाही. पण दिलंत तर पैसे वेळेवर द्या. लहान कंपनी काम नसल्यामुळं जितकी बुडते तितकीच बिल अडकल्यामुळं बुडते. २००६ च्या कायद्यानं उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत भागवणं बंधनकारक आहे. ती मुदत तुमच्या हिशेबनिसाला उद्याच सांगून ठेवा.